द्राक्षबागेच्या पाण्याचा सल्ला : कोणाचा घ्यावा, कितपत मानावा

नाशिक जिल्ह्यातील निफाड आणि दिंडोरी या तालुक्यांत द्राक्ष बागायतदाराला सल्ल्याची उणीव कधीच भासत नाही. हवामान खाते सल्ला देते, कृषी विद्यापीठ देते, संशोधन केंद्र देते, एकरी फी घेणारे सल्लागार देतात, औषध दुकानदार न विचारता देतात, आणि गेल्या काही वर्षांपासून बागेत खांबावर बसवलेले यंत्रही मोबाइलवर संदेश पाठवू लागले आहे. यांपैकी बहुतेक सेवा मी स्वतःच्या ठिबकवरील बागेत वापरल्या आहेत, काही अजूनही वापरतो, आणि या लेखात त्यांचे परीक्षण केवळ पाणी व्यवस्थापनाच्या अंगाने करीत आहे. रोगकिडींच्या सल्ल्याचा विषय वेगळा आहे आणि तो ओघात येईल तेवढाच येथे येईल. माझी कसोटी एकच आहे. विहिरीत भरपूर पाणी असताना किती द्यावे, हे सांगणारे पुष्कळ आहेत. पाणी अपुरे असताना कोणत्या अवस्थेत कापले तर कमी नुकसान होईल, हे जी सेवा सांगते ती पैसे मोजण्याच्या लायकीची.

ही कसोटी का, हे कळण्यासाठी थोडा हिशेब मांडावा लागेल. नऊ फूट बाय पाच फूट अंतरावरील बागेत एकरी सुमारे ९६८ वेली बसतात आणि प्रत्येक वेलीच्या वाट्याला साधारण ४.२ चौरस मीटर क्षेत्र येते. मणी फुगवणीच्या काळात संदर्भ बाष्पोत्सर्जन, म्हणजे त्या हवामानात हिरव्या गवताच्या आच्छादनातून उडून जाणारे पाणी, दिवसाला ४ मिलिमीटर आहे असे धरले आणि जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्यातील खाण्याच्या द्राक्षांचा मधल्या अवस्थेचा ०.८५ हा पीक गुणांक (त्या पाण्याच्या तुलनेत पिकाची गरज किती, हे सांगणारा आकडा) लावला, तर गरज ३.४ मिलिमीटर, म्हणजे वेलीला दिवसाला सुमारे १४ लिटर येते. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरल्यास हाच आकडा १६ लिटरच्या जवळ जातो. प्रत्येक वेलीला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर असतील, तर एक व्हॉल्व्ह, म्हणजे एका वेळी भिजणारा बागेचा भाग, जवळपास दोन तास चालवावा लागतो. बाग चार एकरांची आणि एका वेळी एकच एकर भिजत असेल, तर एकूण आठ तास झाले. आता कृषी वाहिनीवर, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिनीवर, दिवसपाळीत मिळणारी वीज कागदोपत्री आठच तास असते. त्यात दोनदा वीज गेली, फिल्टर धुण्यात वेळ गेला किंवा विहिरीने दुपारीच तळ गाठला, की शास्त्रशुद्ध काढलेला आकडा शेवटच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही. तेव्हा बागायतदाराला १६ लिटरचा आकडा नको असतो; आज मिळतील त्या ११ लिटरांचे काय करावे, हे त्याला हवे असते.

यंत्रावर चालणाऱ्या खासगी सेवांपासून सुरुवात करतो, कारण त्यांच्याविषयी सर्वाधिक विचारणा होते. बागेच्या मध्यभागी सौरपट्टी लावलेला खांब, त्यावर तापमान, आर्द्रता, पाऊस, वारा आणि पानांचा ओलावा मोजणारी उपकरणे, आणि जमिनीत दोन खोलींवर पुरलेले ओलाव्याचे सेन्सर, अशी या सेवांची रचना साधारण सारखीच असते. नोंदी सिमकार्डमार्फत कंपनीकडे जातात आणि तेथून प्रक्रिया होऊन मोबाइलवर सल्ला येतो. मी ज्या कंपनीची सेवा घेतली तिचे नाव येथे देत नाही, कारण पुढील गुणदोष त्या एका कंपनीपुरते आहेत असे मला वाटत नाही.

या सेवेचा सर्वांत मोठा लाभ असा, की जमिनीखाली काय चालले आहे याचा आलेख प्रथमच डोळ्यांसमोर आला. वरच्या थरातील सेन्सर पाणी दिल्यावर लगेच ओला दाखवतो आणि उन्हाने दुपारपर्यंत वाळू लागतो. खालच्या थरातील सेन्सर मात्र दिवसेंदिवस हलतच नसेल, तर त्याचा अर्थ मुळांच्या कक्षेखाली पाणी साचून राहिले आहे किंवा तेथवर पोहोचतच नाही, या दोहोंपैकी एक असतो. आकडा किलोपास्कलमध्ये असतो आणि तो जितका वाढेल तितका मुळांना पाणी ओढून घ्यायला जास्त जोर लावावा लागतो, एवढे समजले की आलेख वाचता येतो. भारी काळ्या जमिनीत आमच्याकडे रोज पाणी देण्याची जी सवय आहे तिला या आलेखाने चांगलाच धक्का दिला. खालचा थर ओलाच राहत असताना वरून रोज पाणी सोडले जात होते, आणि पांढरी मुळी, म्हणजे अन्नपाणी शोषणारी कोवळी मुळी, चालत नाही म्हणून त्याच पाण्यातून महागडी मुळीवर्धके जात होती. सेवेच्या वर्गणीचा काही भाग एवढ्या एका गोष्टीत वसूल झाला, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन.

परंतु याच सेन्सरच्या मर्यादा विक्रेता सांगत नाही. पहिली मर्यादा जागेची आहे. ड्रिपरच्या अगदी जवळ पुरलेला सेन्सर सदैव ओला दाखवणार आणि दोन ड्रिपरच्या मधोमध पुरलेला सदैव तहानलेला. म्हणून बसवायला येणारा मुलगा टेप घेऊन अंतर मोजतो की खड्डा जेथे सोपा पडेल तेथे खोदतो, यावर पुढील संपूर्ण हंगामाच्या सल्ल्याचा दर्जा अवलंबून असतो. दुसरी मर्यादा जमिनीची. काळी माती वाळताना भेगाळते, भेग सेन्सरच्या अंगाने गेली की मातीशी असलेला त्याचा संपर्क तुटतो, आणि मग येणारा आकडा जमिनीचा नसून पोकळीचा असतो. पाण्याच्या ताणाच्या काळात, म्हणजे नेमका ज्या वेळी आकडा खरा हवा त्याच वेळी, हा दोष उद्भवतो. तिसरी मर्यादा एकाच बागेतील फरकाची आहे. गोदावरी-कादवेच्या काठची खोल काळी जमीन आणि वरच्या अंगाची मुरमाड जमीन एकाच गटात असू शकते. खांब काळ्या जमिनीत उभा असेल, तर मुरमावरच्या वेलींना त्या सल्ल्यानुसार पाणी देणे म्हणजे त्यांना उपाशी ठेवणे होय.

याहून गंभीर बाब अशी, की सल्ला लिटरमध्ये येतो आणि लिटरचे तास करताना सेवा ड्रिपरचा कंपनीने छापलेला प्रवाह गृहीत धरते. ज्या लॅटरल, म्हणजे वेलींच्या ओळीने जाणाऱ्या ठिबकच्या नळ्या, पाच-सहा वर्षे जुन्या आहेत आणि ज्यांतून क्षारयुक्त विहिरीचे पाणी वाहते, त्यांतील ताशी ४ लिटरचा ड्रिपर प्रत्यक्षात किती देतो, हे मोजपात्र खाली ठेवल्याशिवाय कळत नाही. व्हॉल्व्हजवळची ओळ आणि शेवटची ओळ यांत फरक पडतो तो वेगळाच. मी घेतलेल्या सेवेत हा प्रत्यक्ष प्रवाह भरण्याची सोय होती, पण ती तीन पडदे आत दडलेली होती आणि नोंदणीच्या वेळी कोणी विचारलीही नाही. सल्ल्यातील चूक दहा टक्क्यांची असेल आणि ड्रिपरमधील तूट पंचवीस टक्क्यांची, तर सेन्सरच्या अचूकतेला काय अर्थ उरतो? आम्ल प्रक्रिया करून लॅटरल साफ करणे हा कंटाळवाणा उद्योग आहे, पण कोणतीही वर्गणी भरण्याआधी तो करावा.

आणि माझ्या कसोटीचे काय? त्या कसोटीवर यंत्राची सेवा निम्म्यातच थांबली. आज १४ लिटर द्या, असा संदेश येतो. ते दिले नाहीत तर उद्या १७ लिटर द्या, असा येतो. परवाही दिले नाहीत तर लाल अक्षरांत इशारा येतो. तूट विभागून द्यावी का, वरच्या एकरात पूर्ण आणि खालच्या एकरात निम्मे द्यावे का, की एक दिवसाआड भरपूर द्यावे, याबद्दल त्या पडद्यावर काहीच नव्हते. कंपनीच्या प्रतिनिधीला फोन केला असता त्याने सौजन्याने ऐकून घेतले आणि शेततळे करण्याचा सल्ला दिला. सल्ला चुकीचा नव्हता; फक्त जानेवारीत शेततळे भरायचे कशाने, हा प्रश्न त्याच्या यादीत नव्हता.

मोफत सेवांमध्ये हवामान खात्याच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेला मी वरचे स्थान देतो. कृषी हवामानशास्त्राचा विभाग पुण्यात १९३२ पासून आहे आणि शेतकऱ्यांसाठी हवामान वार्तापत्र १९४५ पासून आकाशवाणीवर येत असे. त्यामुळे आजचे मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारे पत्रक ही काही काल सुरू झालेली गोष्ट नव्हे. २०१९ मध्ये आलेल्या मेघदूत ॲपवर हेच पत्रक पुढील पाच दिवसांच्या पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याच्या अंदाजासह मराठीत मिळते. पाणी देण्याच्या दृष्टीने यातील वाऱ्याचा आणि आर्द्रतेचा अंदाज पावसाच्या अंदाजाइतकाच उपयोगी आहे, कारण कोरडा वारा सुटला की बाष्पीभवन वाढते. पत्रक मात्र मुळात जिल्ह्याच्या पातळीवरचे असते, आणि नाशिक जिल्हा म्हणजे तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस झेलणारी इगतपुरी आणि पाचशेच्या आसपास अडकणारे निफाड-येवला यांची एकत्र बांधलेली मोट आहे. तालुक्यापर्यंत सल्ला नेण्यासाठी देशभरातील कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी हवामान केंद्रे उभारली गेली होती. २०२४ मध्ये ती बंद करण्यात आली. यंत्रे महसूल मंडळापर्यंत पोहोचावीत म्हणून राज्यात स्वयंचलित हवामान केंद्रांचा महावेध प्रकल्प उभा राहतो आणि त्या नोंदींचा स्थानिक अर्थ लावणारी माणसे मात्र कमी होतात, हे धोरण मला उलट्या दिशेचे वाटते.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेली फुले जल आणि फुले इरिगेशन शेड्यूलर ही दोन ॲप बागायतदारांमध्ये जेवढी माहीत असायला हवीत तेवढी नाहीत. पहिल्यातून संदर्भ बाष्पोत्सर्जन मिळते, दुसऱ्यात पीक, जमीन, लागवडीची तारीख आणि सिंचनाची पद्धत भरली की पाणी कधी आणि किती द्यावे याचा हिशेब मिळतो. म्हणजे वर मी हाताने केलेली आकडेमोड हे ॲप करून देते आणि त्यासाठी खांबही लागत नाही, वर्गणीही लागत नाही. खासगी ॲपचा गुळगुळीतपणा त्यात शोधू नये, आणि भरलेल्या माहितीवरच उत्तर अवलंबून असल्याने ती नीट भरण्यासाठी संध्याकाळचा निवांत वेळ काढावा. ऊस, कांदा, भाजीपाला करणाऱ्या आणि यंत्रावर खर्च परवडत नसलेल्या शेतकऱ्याने प्रथम याच वाटेने जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

द्राक्षापुरते बोलायचे तर पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा साप्ताहिक सल्ला माझ्या कसोटीवर सर्वांत पुढे आहे. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राच्या पाण्याच्या शिफारशीची मांडणीच वेगळी आहे. ती दिवसाला अमुक लिटर असे सांगत नाही. दर मिलिमीटर बाष्पीभवनामागे किती पाणी द्यावे हे सांगते, आणि तो दर वेलीच्या अवस्थेप्रमाणे बदलते. उन्हाळ्यातील खरड छाटणीनंतर फुटी वाढताना दर जास्त, काडीवरच्या डोळ्यांत पुढचे घड आकार घेतात त्या सूक्ष्म घडनिर्मितीच्या काळात एकदम कमी, पावसाळा सरताना फळांसाठी केलेल्या गोडी छाटणीनंतर पुन्हा जास्त, फुलोऱ्यात पुन्हा कमी, मणी वाढताना जास्त. यातच कोठे कापावे याचे उत्तर दडलेले आहे. सूक्ष्म घडनिर्मितीच्या काळात, म्हणजे मे-जूनच्या सुमारास, पाणी आवरले तर वेल शेंडा पळवण्याऐवजी डोळ्यांत घड बांधते. तेव्हा भर उन्हाळ्यात विहीर आटली म्हणून ज्या पाण्यासाठी टँकरचे पैसे मोजले जातात, त्यातील बरेच पाणी बागेने मागितलेलेच नसते. उलट मणी सेट झाल्यानंतरच्या पंधरवड्यात तूट पडली तर मण्याचा आकार गेला तो गेला, पुढे कितीही पाणी ओतले तरी भरून निघत नाही. हे एकदा मनात ठसले की साठवलेले पाणी कोठे खर्च करायचे याचा निर्णय संदेशाची वाट न पाहता घेता येतो. या सल्ल्याची भाषा थोडी शास्त्रीय आहे आणि त्यात रोग, संजीवके, खते यांच्या मधोमध पाण्याचा परिच्छेद शोधावा लागतो, एवढाच त्याचा त्रास.

एकरी फी घेणाऱ्या सल्लागारांविषयी सरसकट बोलणे अन्यायाचे ठरेल. चांगला सल्लागार बागेत आल्यावर आधी ड्रिपरखालची माती फावड्याने उकरतो, मुळी पाहतो, मातीचा गोळा करून दाबतो आणि मग बोलतो; दुसऱ्या प्रकारचा गाडीतून उतरतो, पानांकडे पाहतो आणि वही काढून फवारणीचे वेळापत्रक लिहितो. पहिल्या प्रकारच्या माणसाला मी यंत्रापेक्षा अधिक पैसे देईन, कारण विजेची पाळी कोणती, विहीर किती वेळात भरते आणि शेजारी बोअर कधी चालू करतो हे तो विचारतो. निफाडच्या थंडीचे उदाहरण घ्या. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरल्याची बातमी दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येते. अशा पहाटे पक्वतेकडे झुकलेले मणी तडकण्याची धास्ती असते, तेव्हा बागेत शेकोट्या पेटवतात आणि विहिरीचे तुलनेने उबदार पाणी पहाटे ठिबकने सोडतात. सेन्सर त्या वेळी जमीन पुरेशी ओली आहे, पाणी देऊ नका, असे सांगत असतो. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी बरोबर आहेत, पण निर्णय घ्यायला बाग ओळखणारा माणूस लागतो.

कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर मिळणारा सल्ला मोफत असतो आणि बहुधा बाटलीपाशी संपतो; कमी पाणी द्या, असे सांगून कोणाचीही विक्री होत नाही. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक जानेवारी २००४ पासून चालू आहे, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत मराठीत उत्तर मिळते, आणि एखादी नेमकी शंका, योजना किंवा औषधाचे प्रमाण विचारण्यासाठी तो उत्तम आहे. पाण्याचे वेळापत्रक ही रोज बदलणारी बाब असल्याने तिचे काम एका फोनवर होणारे नव्हे.

सल्ला आणि पाणी यांची गाठ पडते कोठे, याचे उत्तर मला दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात दिसते. ओझर परिसरातील शेतकऱ्यांनी १९९० च्या दशकात पाणीवापर संस्था उभ्या केल्या, क्षेत्रावर नव्हे तर घनमापनाने पाणी घेण्याची पद्धत अंगीकारली आणि पुढे वाघाड प्रकल्पाचा कारभारच संस्थांच्या हाती आला. ज्याला आपल्या वाट्याला हंगामात किती घनमीटर पाणी आहे हे आधी ठाऊक असते, त्याच्यासाठी अवस्थेनुसार दिलेला सल्ला हा खराखुरा अर्थसंकल्प होतो. ज्याला आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, कधी सुटेल हेच माहीत नाही, तो पाटाला पाणी आले की विहीर, शेततळे आणि बाग एकदमच भरून घेतो, मग सेन्सर काहीही म्हणो. सल्ला सेवांनी धरणाचा साठा, आवर्तनाच्या तारखा आणि कृषी वाहिनीचे वेळापत्रक या तीन गोष्टी आपल्या गणितात घेतल्या, तर आजच्या सेवेचे मोल दुप्पट होईल. ही माहिती कोठेतरी नोंदलेली असतेच. ती एकत्र आणण्याचे कष्ट अजून कोणी मनावर घेतलेले दिसत नाहीत.

तूर्त यंत्राची सेवा कोणी घ्यावी? निर्यातीची बाग चार-पाच एकरांहून मोठी असेल, जमीन बऱ्यापैकी एकसारखी असेल आणि घरात आलेख रोज पाहणारे कोणी असेल, तर घ्यावी. रोगाच्या पूर्वसूचनेमुळे वाचणाऱ्या फवारण्या हा त्यातील जोडीचा फायदा समजावा. बाग एक-दोन एकरांची असल्यास राहुरीचे ॲप, मांजरीचा साप्ताहिक सल्ला आणि मेघदूतचा अंदाज यांवर काम भागते. फार तर शेजारच्या चार-पाच जणांनी मिळून, सारख्या जमिनीत, एक यंत्र घ्यावे. करार करताना पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात : सेन्सर बिघडल्यास किती दिवसांत बदलून मिळेल, भेगाळलेल्या जमिनीत तो पुन्हा पुरून देण्याचा खर्च कोणाचा, दुसऱ्या वर्षी वर्गणी न भरल्यास आधीच्या हंगामाच्या नोंदी आपल्याला मिळतील की नाही, आणि ॲपमध्ये ड्रिपरचा मोजलेला प्रवाह व विजेचे तास भरता येतात का. शेवटच्या प्रश्नावर विक्रेता अडखळला, तर खरेदी गोडी छाटणीपर्यंत लांबवण्यास हरकत नाही; तोवर मोजपात्र घेऊन प्रत्येक व्हॉल्व्हची पहिली आणि शेवटची ओळ तपासून घ्यावी.